धाब्याच्या कोपऱ्यातली अंगठी

कॉलेजात जायला लागलो तेव्हा माझ्याकडे दोन शर्ट होते आणि एकतीस वस्तू. वस्तू चहापत्तीच्या पत्र्याच्या डब्यात होत्या, चिंध्यांमध्ये गुंडाळलेल्या. सात अंगठ्या, त्यांतल्या दोन मोडक्या. जोडव्यांसारखी चार वेटोळी. आवाज गेलेल्या घुंगरांची एक मूठ. पट्ट्याचा एक आकडा. काय आहेत ते मला आजही न कळलेले तुकडे. आणि सगळ्यांत लाडका, तांब्याचा एक बिल्ला. तहसिलीतल्या शिपायाच्या छातीवर असतो ना, तसा. त्यावर काय कोरलं होतं ते हिरव्या थराखाली दिसत नव्हतं, पण बोट फिरवलं की काहीतरी लागायचं.

हे लिहावं की नाही, असं बरेच दिवस वाटत होतं. मी आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात कॉलेजात गेलेला पहिलाच. आमच्याकडे लिहिण्यासारखं काय घडतं, असा प्रश्न मला अजून पडतो. पण पहिल्या वर्षानंतरचा तो उन्हाळा आठवला की छाती धडधडायला लागते, म्हणून लिहितो. कॉलेजात बोलताना मी 'आई' म्हणतो. इथं मात्र 'माय'च लिहिणार आहे, कारण यातलं बरंचसं तिचं आहे.

आमचं गाव वडनेर भोलजीपासून दोन कोस आत. गावाच्या उत्तरेला पांढरी आहे, म्हणजे जुन्या, उजाड झालेल्या वस्तीचं टेकाड. तिथं कोण राहत होतं, कधी उठून गेलं, कुणालाच ठाऊक नाही. पण त्या टेकाडाची माती मोठी गुणाची. भिजली की घट्ट होते, पाणी खाली उतरू देत नाही. आणि आमची घरं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची. लाकडी सऱ्यांवर पळाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, पळाट्यांवर निंबाचा पाला आणि सगळ्यांत वर पांढरीची माती. दर वैशाखात तिचा नवा थर टाकावा लागतो. बैलगाड्या टेकाडावर जातात, माती भरून आणतात. अंगणात बायका ती चाळतात, पुरुष टोपल्यांनी वर चढवतात. चाळणीत खडे राहतात, खापरं राहतात, काटे राहतात. आणि कधीकधी एखादी अंगठी.

पहिली अंगठी मिळाली तेव्हा मी तिसरीत असेन. ती हातात घेऊन मी घरात धावलो, तर मायनं मला उंबऱ्यावरच अडवलं.

"आत नको आणू! पांढरीतलं उंबऱ्याच्या आत येत नाई."

"काऊन?"

"ज्याचं हाय तो मागाले आला मंग?"

म्हणून माझा डबा गोठ्यातल्या कोनाड्यात राहायचा, बैलांच्या राखणीत. चाळताना मायलाही काहीबाही सापडायचं, पण ती ते मला देत नसे. मागितलं की म्हणायची, "ठेवून देल्लं." कुठं, ते सांगायची नाही. मला वाटायचं, फेकून देत असेल.

मी मलकापूरच्या कॉलेजात गेलो. रोज वडनेरपर्यंत पायी, तिथून एस.टी. इतिहास शिकवणारे सर पुण्याकडचे होते. त्यांच्याजवळ एक जाड वही असायची. जिल्ह्यात जिथं जिथं जुन्या वस्तीच्या खुणा आहेत, त्या प्रत्येक गावासाठी त्या वहीत एक पान होतं. एकदा त्यांनी ती गावं वर्गात वाचून दाखवली. मी कान देऊन ऐकलं. आमचं गाव नव्हतं.

मला हात वर करायचा होता. त्या तासाला केला नाही. पुढच्याही केला नाही. तिसऱ्या तासाला हात आपोआप वर गेला आणि मी उभा राहून म्हणालो, "सर, आमच्या गावाले पण पांढरी हाय." वर्ग हसला. मी घाईघाईनं सुधारलं, "गावाला. आहे."

सर हसले नाहीत. "काही मिळालंय तिथं?"

"अंगठ्या मिळाल्यात. एक बिल्ला आहे."

मागच्या बाकावरून आवाज आला, "तांबट गल्लीतून आणला असंन बे!" पुन्हा हशा.

"घेऊन ये," सर म्हणाले. "पाहू आपण."

तो सगळा दिवस मी हवेत होतो. आणि मग, त्या रविवारी, मी जे केलं ते आठवून आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. आमच्याकडे कुणाच्या घरी डबा द्यायचा असला तरी आधी घासूनपुसून देतात. मळकं भांडं दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे त्याचा अपमान. मग सरांच्या हातात मातीनं भरलेल्या, हिरव्या पडलेल्या वस्तू कशा द्यायच्या? मी चिंच भिजवली, चुलीतली राख घेतली आणि गोठ्यात बसून दोन तास सगळ्या एकतीस वस्तू घासल्या. अंगठ्या लखलखल्या. बिल्ला घासताना मधेच बारीक रेषा दिसायला लागल्या. अक्षरं! आणखी स्पष्ट दिसतील म्हणून मी आणखी चिंच लावली, जोर केला. थोड्या वेळानं त्या रेषा दिसेनाशा झाल्या. मला वाटलं, वाळल्यावर दिसतील.

सोमवारी सरांनी डबा उघडला. एक अंगठी उचलली, ठेवली. बिल्ला उचलला, खिडकीपाशी नेला, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं.

"हे घासलंस तू?"

"हो सर. चिंच-राखेनं. सगळ्या." मी अभिमानानं सांगितलं.

त्यांनी भिंग खिशात ठेवलं. मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि समजावून सांगितलं. तांबं मातीत शेकडो वर्षं राहिलं की त्यावर तो हिरवा थर धरतो. तो थर म्हणजेच त्या वस्तूचं वय. पुष्कळदा अक्षरंसुद्धा त्या थरातच शिल्लक असतात, खालच्या धातूवर नसतात. "आता मी कुणाला या दाखवल्या, तर तो विचारेल, या परवाच्या बाजारातल्या कशावरून नाहीत? माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण वहीत विश्वास लिहिता येत नाही."

मी डब्याकडे पाहत होतो. सगळं इतकं चमकत होतं.

"एक काम कर," सर म्हणाले. "एखादी वस्तू न धुतलेली मिळाली तर ढेकळासकट आण. तिच्या मातीसकट. एकच पुरे. त्या दिवशी तुझ्या गावाचं पान उघडू."

वैशाख लागेपर्यंत मी दिवस मोजले. परीक्षेचा अभ्यास करताना डोळ्यांसमोर चाळणीच फिरायची. गाड्या यायला लागल्या आणि मी मायच्या शेजारी अंगणात बसलो तो उठलोच नाही. प्रत्येक टोपलीला वाटायचं, हीच! चाळणी हलवताना धातूचा आवाज वेगळा येतो. खापराचा खडखडाट असतो, धातू किणकिणतो. मी कान टवकारून चाळत होतो. एकदा किणकिणलं! सगळं सोडून पाहिलं, तर बैलाच्या शिंगाचं पितळी टोपण. आमच्याच बैलाचं, मागल्या पोळ्याला हरवलेलं.

बा, म्हणजे माझे वडील, टोपली डोक्यावर घेता घेता म्हणाले, "माती चाळून राह्यला का पीठ? असं चाळलं तं धाबं दिवाळीले व्हईन."

नऊ गाड्या आल्या. दहावी शेवटची. तिच्यात खापरं निघाली, कुणाच्या तरी बांगडीचा काचेचा तुकडा निघाला, आणि संपली. मी चाळणी उपडी ठेवली आणि तसाच बसून राहिलो.

"काऊन रे तोंड पाडलं?" मायनं विचारलं.

मग मी तिला सगळं सांगितलं. सरांची वही, मागच्या बाकावरचा पोरगा, चिंच, राख, ढेकूळ. ती ऐकत होती. चिंचेची गोष्ट आली तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, तिला वाईट वाटलं. पण ती हसत होती.

"चिंचेनं घासल्या? बाप्पा! म्या तं एकबी घासली नाई."

"कोणती एकबी?"

तिनं वर बोट दाखवलं. धाब्याकडे. दाराच्या वरचा कोपरा.

तो कोपरा कायम वीतभर उंच असायचा. मी समजत होतो, दारापुढं पाणी पडू नये म्हणून केलाय. माय म्हणाली, ती लग्न होऊन आली त्या वर्षीच तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं की, पांढरीतून निघालेलं आपलं नाही. आपलं नाही म्हणून घरात घ्यायचं नाही, आणि दुसऱ्याचं आहे म्हणून फेकायचंही नाही. घराच्या माथ्यावर, त्याच्याच मातीत, जपून ठेवायचं. मालक आला तर सापडलं पाहिजे.

"म्हंजे तू जे 'ठेवून देल्लं' म्हणत होती..."

"मंग ठेवूनच देल्लं. मी का खोटं बोलते?"

"किती हायत?"

"म्या नाई मोजलं. लोकायचं काय मोजाचं?"

मी शिडीवर कसा चढलो ते मला आठवत नाही. वर गेलो आणि त्या कोपऱ्यापुढं बसलो. इतकी वर्षं मी त्याच्याच खाली, दारात बसून अभ्यास केला होता! हात शिवशिवत होते. पण खुरपं मागोमाग चढून आलेल्या मायच्या हातात होतं आणि ती देत नव्हती.

"मागाले कोनी आलं नाई अजून," ती म्हणाली.

"माय, सर म्हणतात एकच पुरे."

"सराची हाय का ते?"

खालून बा ओरडले, "कोपरा उकरू नका बे! आभाय पाहा जरा." पश्चिमेला खरंच वळवाचे ढग होते. उघडा कोपरा म्हणजे पाणी थेट दारावर, दारातून चुलीपर्यंत. हे सगळं खरं होतं. तरी मी उठलो नाही. माझ्या मनात ते वहीतलं कोरं पान होतं. मला रडू आलं होतं, ते मायनं पाहिलं असावं. ती खाली बसली, आणि तिनं स्वतःच खुरप्याच्या टोकानं कोपऱ्याची कड हळूच उकलली. मातीचा एक लाडवाएवढा गोळा सुटून आला. गोळ्याच्या एका अंगाला हिरवं वळण दिसत होतं. अंगठीचं! आणि मायचा अंगठा ते पुसायला निघाला होता.

"हात नको लावू!" मी ओरडलो. मायवर मी आयुष्यात पहिल्यांदाच ओरडलो होतो.

"घ्या! म्याच ठेवली अन् मलेच सांगून राह्यला."

गोळा तिनं माझ्या ओंजळीत ठेवला. वजन काहीच नव्हतं.

"पाहून घे," ती म्हणाली. "पन हे धाब्यावरून खाली उतरनार नाई. ज्याले पाहाचं हाय त्यानं इथी यावं."

बांनी खालून निकाल दिला. "परवा सांजेपर्यंत वाट पाहातो. मास्तर येवो नाईतर ना येवो, कोपरा बुजवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मलकापूरला गेलो. सर सुट्टीतही तिथंच होते, भाड्याच्या खोलीत पेपर तपासत बसलेले. त्यांच्या दारावरून मी दोनदा पुढं गेलो. काय सांगणार? पुण्याच्या माणसाला आमच्या छपरावर चढायला सांगायचं? तिसऱ्या वेळी त्यांनीच हाक मारली.

"सर, अंगठी मिळाली. न घासलेली. ढेकळासकट. पण ती छपरावरून उतरत नाही."

"म्हणजे?"

मी सांगितलं. अडखळत, मधेच वऱ्हाडीत घसरत. सरांनी पेनाला टोपण लावलं.

"मग आपण चढू," ते म्हणाले.

त्यांनी वही घेतली, भिंग घेतलं, आणि दाढीचा जुना ब्रश खिशात टाकला. तो कशाला, ते मला विचारवलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. सर चपला खाली काढून शिडी चढले. मायनं वर घोंगडी अंथरून ठेवली होती. सरांनी गोळा घेतला आणि त्या दाढीच्या ब्रशानं अंगठीच्या तोंडावरची माती झटकायला लागले. इतकं हळू, इतकं हळू की मला ब्रश हिसकावून घ्यावासा वाटला. चौकोनी चपटं तोंड मोकळं झालं. हिरवंगार. आणि त्या हिरव्यात कोरलेल्या रेषा.

"अक्षरं," सर म्हणाले. त्यांचाही आवाज बदलला होता. "फारसी लिपी. मला मोडी येते, ही येत नाही. गावात कुणी आहे का?"

आमच्या गल्लीच्या टोकाला उर्दू शाळेचे म्हातारे मास्तर राहत. मी शिडीच्या दोन पायऱ्या गाळून खाली उडी मारली आणि त्यांना अर्ध्या चहावरून उठवून आणलं. गुडघे धरत ते चढले. त्यांनी चष्मा लावला, भिंग घेतलं, अंगठी वर धरली, खाली धरली.

"हुरूफ तो है बेटा, अक्षरं हायत," ते म्हणाले. "पर पढने में नहीं आता. कोण्या अनाड्यानं कोरलं, अल्ला जाने."

सर काहीतरी बोलायला तोंड उघडत होते, इतक्यात मागून माय म्हणाली, "उलटं असंन, मास्तरभाऊ. राशीच्या ठप्प्यासारखं."

खळ्यावर धान्याची रास लागली की आमच्याकडे तिच्यावर राखेचा ठप्पा मारतात. लाकडी साचा असतो. रात्रीतून कुणी मूठभर धान्य जरी काढलं तरी ठप्पा मोडतो आणि कळतं. त्या लाकडावर नाव उलटं कोरलेलं असतं. राशीवर ते सुलटं उमटतं. माय अक्षर शिकलेली नाही, पण ठप्पा तिनं जन्मभर पाहिला आहे.

सर मोठ्यानं हसले. "मी हेच सांगणार होतो. पण यांनी आधी सांगितलं! मुद्रेची अंगठी आहे ही. पत्रावर उमटवायची." मग ते जरा विचारात पडले. "लाख वितळवून ठसा घेतात, पण गरम लाख हिला सोसणार नाही."

"लाख कायले पाह्यजे?" माय म्हणाली. कोपऱ्यासाठी भिजवलेला गारा, म्हणजे मातीचा चिखल, तिथंच घमेल्यात होता. तिनं त्यातला चिमूटभर घेतला, वस्त्रगाळ माती मिसळून पुरीच्या कणकेसारखा मळला, तळहातावर चपटा केला आणि पुढं धरला. सरांनी अंगठी अलगद टेकवली, जराशी दाबली आणि उचलली.

आम्ही सगळ्यांनी एकदमच डोकी पुढं घातली. मास्तरांची टोपी माझ्या कपाळावर आपटली. ओल्या पांढऱ्या मातीत ओळ उमटली होती. सुलटी.

मास्तर ओठ हलवत होते. मग त्यांनी एक नाव वाचलं. नाव, त्याच्यापुढं बापाचं नाव, आणि खाली सालाचा एक झिजलेला आकडा, जो लागला नाही. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते सरांच्या वहीत आहे. पण मास्तरांनी ते असं उच्चारलं, जसं कुणी दारात उभा राहून हाक मारावी.

"अजून एकडाव सांगा, मास्तरभाऊ," माय म्हणाली.

त्यांनी सांगितलं. मायनं ते हळूच स्वतःशी म्हणून पाहिलं. जीभ जरा अडखळली. मग म्हणाली, "म्हंजे मालक भेटला."

बा शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभे होते, फक्त डोकं धाब्यावर. ते म्हणाले, "तो कवाचाच मेला असंन. मेलेल्या मानसाले कायची अंगठी?"

"मेला म्हून का त्याची नाई राह्यली?" माय म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "घेऊन जा. आता ते बिनमालकाचं नाई. पन एवढंच. बाकीच्यायचे मालक यायचे हायत अजून."

मी अंगठीकडे पाहत तसाच उभा राहिलो. ती म्हणाली, "उभा काऊन? तो तुया डबा आन."

मी गोठ्यातून डबा आणला. तिनं तो घोंगडीवर उपडा केला आणि माझ्या चकचकीत अंगठ्या, जोडवी, घुंगरं एकेक करून कोपऱ्यातल्या खळग्यात ठेवायला लागली. "घासल्या म्हून काय झालं," ती पुटपुटली, "त्यायलेबी कोनी असंन." बिल्ला मी हातातच धरून ठेवला होता. तिनं हात पुढं केला. मी सरांकडे पाहिलं. सर ढगांकडे पाहत होते. मी बिल्ला तिच्या हातावर ठेवला.

बांनी आणखी गारा वर दिला. तिनं कोपरा बुजवला, तळव्यानं सारवून गुळगुळीत केला. मग सरांकडून अंगठी मागून घेतली आणि बुजवलेल्या कोपऱ्यावर, अगदी मधोमध, हलकेच टेकवली. ओल्या मातीवर तेच नाव उमटलं. राशीवर ठप्पा मारतात, तसं.

"आता कोनी हात लावला तं समजीन," ती म्हणाली.

सरांनी वही उघडली. कोरं पान. त्यांनी मला गावाचं नाव विचारलं, खरं तर त्यांना ते ठाऊक होतं, आणि मी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. त्यांनी ते वर लिहिलं. खाली 'वस्तू कुठं मिळाली' असं लिहून त्यापुढं लिहिलं, 'घराच्या धाब्याचा कोपरा'. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो. मला इतका आनंद झाला होता की मी खाली पाहून मोठ्यानं 'लिहिलं!' असं ओरडलो, आणि गल्लीतल्या दोन म्हशी दचकल्या.

अंगठी तिच्या ढेकळासकट रिकाम्या डब्यात, माझ्याच चिंध्यांवर ठेवली. सर ती नागपूरच्या संग्रहालयाला पाठवणार होते. डबा काखेत धरून ते शिडी उतरायला लागले. अर्ध्यावर असताना मायनं वरून हाक मारली.

"सर!"

त्यांनी वर पाहिलं.

"नावानं ठेवजा. निसती अंगठी म्हून नका ठेवू."

सरांचे दोन्ही हात गुंतलेले होते. त्यांनी मान हलवली, आणि पुढची पायरी पायानं चाचपली.